विहीर क्र. ७ : घरातील माणसे पाचऐवजी एक

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
भूजल प्रदूषण अभ्यास कक्ष, नाशिक.

विषय : विहीर क्र. ७ ची नोंद दुरुस्त होईपर्यंत मौजे करवंदवाडी, ता. सिन्नर येथील अंगणवाडीचा हातपंप बंद ठेवण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कक्षाचा घरोघरचा पाहणी अर्ज, मार्च २०२५.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार धोंडीराम कचरू सांगळे, वय ७१, सविनय सादर करतो की, गावालगतच्या बंद पडलेल्या क्रोम प्लेटिंग कारखान्यात अर्जदाराने बावीस वर्षे टाकीवर काम केले. शेडमागच्या खड्ड्यात पिवळे पाणी ओतणाऱ्यांत अर्जदारही होता. त्यामुळे त्या मातीत काय मुरले आहे हे अर्जदारास शिकवावे लागत नाही.

मार्चमध्ये आपल्या कक्षाच्या योगिनी मॅडम पाहणीस आल्या. त्यांनी ओट्यावर लॅपटॉप उघडून समजावले की, मातीतला क्रोम दर पावसाळ्यात थोडा थोडा खाली उतरतो, खडकाच्या भेगांतून पाण्याला मिळतो, आणि ज्या बाजूला उपसा जास्त तिकडे ओढला जातो. कुठली विहीर किती उपसते हे कळले की विष कुठे, किती वर्षांत पोहोचेल ते मॉडेल सांगते. मग त्यांनी विचारले, घरात माणसे किती, मोटर किती चालते?

अर्जदाराने सांगितले : माणसे पाच, अर्धा एकर भाजीपाला, मोटर रोज चार तास.

ही माहिती खोटी आहे. पत्नी उज्वला चार वर्षांपूर्वी वारली. मुलगा संतोष सूनबाई व नात सायलीसह वापीला असतो. वाफे तेव्हा वाळून गेलेले होते. अर्जदार दिवसाला दोन बादल्या शेंदतो, त्यातली एक बहुधा उरते. रेशनकार्डावर पाच नावे आहेत हे खरे, पण खोटे बोलण्याचे कारण ते नव्हे. कित्येक महिन्यांनी कोणी ओट्यावर बसून चहा पीत होते आणि घरच्यांची चौकशी करत होते. अर्जदाराची जीभ ‘एक’ म्हणायला वळली नाही. अर्जदारास लाज वाटली.

ग्रामपंचायतीत आपला नकाशा लागला. त्यात कारखान्यापासून निघालेला तांबडा डाग वळून विहीर क्र. ७ कडे येतो आणि अंगणवाडीचा हातपंप हिरवा, म्हणजे सुरक्षित, दाखवला आहे. अर्जदाराला त्याचा अर्थ तेव्हा उमगला नाही. पुढे अंगणवाडीच्या मदतनीस कुसाबाई वाटेत थांबून हात जोडून म्हणाल्या, “आप्पा, तुमच्या मोटरीनं आमची लेकरं वाचली बघा.” तेव्हा अर्जदारास नकाशाचा अर्थ उमगला. अर्जदाराच्या घरात पाच माणसे नाहीत, म्हणजे डाग वळायला कारणच नाही. तो सरळ जाईल, आणि सरळ रेषेत तो हातपंप आहे. चौतीस मुले त्याचे पाणी पितात.

दुरुस्तीसाठी अर्जदार तीन वेळा आपल्या कार्यालयात आला. शेखर साहेबांनी कार्डावर पाच दिसत असताना एक कसे लिहावे, असे विचारून एकटे राहत असल्याचा दाखला मागितला. तलाठ्यांनी असा नमुना नसल्याचे सांगितले, मात्र पंचनामा करू म्हणाले. पंचनाम्याच्या छापील कागदावर घरातील दोन सज्ञान व्यक्तींच्या सह्या लागतात. घरात दुसरी व्यक्ती असती तर पंचनाम्याची गरज पडली नसती, हे अर्जदाराने नम्रपणे निदर्शनास आणले. ते म्हणाले, नियम आहे.

सबब नोंद दुरुस्त होत नाही तोवर अर्जदाराने आपले बोलणे खरे करण्याचे ठरवले. गेले तेवीस दिवस वीज येईल तेव्हा उठून अर्जदार रोज चार तास मोटर चालवतो. विहिरीचे पाणी अजून चांगले आहे असा आपलाच अहवाल आहे. डाग यायचा तर तो म्हाताऱ्याकडे यावा. पण अर्जदाराचे वय पाहता ही व्यवस्था किती दिवस टिकेल सांगता येत नाही, आणि पाच माणसांचे पाणी एकट्याने उपसणे फार अवघड जाते. मोटर चालू असते तेवढा वेळ घरात आवाज असतो. ती बंद झाली की सहन होत नाही.

तरी विनंती की, हातपंप तात्काळ बंद करून मुलांना टँकरचे पाणी द्यावे, आणि विहीर क्र. ७ पुढे ‘माणसे : एक’ असे लिहून मॉडेल पुन्हा चालवावे. पडताळणीस योगिनी मॅडमच आल्या तर बरे. त्यांच्याशी खोटे बोललो, त्यांच्यासमोरच खरे सांगायचे आहे.

येताना पिशवी आणावी. मोटरीच्या पाण्याने वाफ्यांत पुन्हा मेथी उगवली आहे, आणि खाणारे कोणी नाही.

विहीर क्र. ७ वरील एकमेव रहिवासी,
धोंडीराम कचरू सांगळे
दि. १८ ऑगस्ट २०२५

सोबत :
१) रेशनकार्डाची प्रत, नावे पाच.
२) पत्नीच्या मृत्यूचा दाखला.
३) पंचनाम्याचा कागद. पहिली सही अर्जदाराची. दुसऱ्या सहीची जागा कोरी आहे, तोच पुरावा समजावा.