सत्तावीस फुटांचा अंदाज

प्रिय विनिता,

फोनच करणार होते. पण फोनवर आपण दोघी आधी रडतो, मग पोरांची चौकशी करतो आणि मुद्दा राहूनच जातो. शिवाय तुझ्या घरात संतोषभाऊजी असतात आणि माझ्या घरात हे. दोघे भाऊ चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, म्हणून आपण जावांनीही दबक्या आवाजात बोलायचं, याचा मला आता कंटाळा आलाय. विमलबाई नेरळच्या बाजाराला निघाल्या आहेत, त्यांच्याजवळ हे पत्र देते.

साईराजचं लग्न ठरलं. मे महिन्यात आहे. मुलगी खालापूरला एका दवाखान्यात नर्स आहे, बोलायला फटकळ आहे, मला आवडली. आता लग्न म्हटलं की घर आलंच. आमच्या दोन खोल्यांत चौथं माणूस कुठे झोपवणार? आणि संडास अजून परसाच्या टोकाला. पहाटे टॉर्च घेऊन तू आणि मी चिखलातून गेलो तेवढं पुरे. म्हणून मागच्या भिंतीला लागून नवी खोली आणि आतूनच संडास-बाथरूम काढायचं ठरवलंय.

गजा गवंड्याने अंदाज कॅलेंडरच्या मागे लिहून दिला. आमच्या वाट्याचं परस सत्तावीस फूट रुंद, त्यात दहा फूट खोल बांधकाम, म्हणजे दोनशे सत्तर चौरस फूट. सामान आणि मजुरी धरून सतराशेचा दर. चार लाख एकोणसाठ हजार. ह्यांना कंपनीच्या फंडातून तीन लाख मिळतील, माझी भिशी आणि बचत गटाचे मिळून पंच्याऐंशी हजार. बाकीचे चौऱ्याहत्तर हजार कुठून आणायचे, यावर हे रोज रात्री भिंतीकडे बघत विचार करतात. मी मात्र काटछाट करत बसले. जुना दरवाजा रंधा मारून वापरायचा, खिडकी एकच, फरशी साधी. स्लॅबच्या दिवशी कामगारांना मटणाचं जेवण, ही एकच ओळ गजाने खाडाखोड न करता लिहिली होती. तिला मी हात लावला नाही. उपाशी माणसांनी ओतलेल्या स्लॅबखाली मी सून झोपवणार नाही.

मागच्या मंगळवारी हे कामावर गेले होते तेव्हा गजा पायाची आखणी करायला आला. सवयीने त्याने टेप तुमच्या बाजूलाही नेली आणि डोकं खाजवत माझ्याकडे आला. म्हणाला, "वहिनी, हिकडं सत्तावीस भरतंय नि तिकडं चोवीसच हाय. वाटणी करताना टेप व्हती का नाय?"

टेप नव्हती, हे तुलाही आठवत असेल. सात वर्षं झाली. सरकारी मोजणीला पैसे भरा, महिनोन् महिने थांबा, त्यापेक्षा सासूबाई म्हणाल्या, "माज्या दोन लेकांना माजी दोन लुगडी. एकेक लुगडं एकेकाचं." नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट, त्यात शंका कसली? पहिलं लुगडं आमच्या कडेपासून ताणलं, खुंटी ठोकली. दुसरं खुंटीपासून तुमच्या कुंपणापर्यंत ताणलं आणि ते बरोब्बर कुंपणाला टेकलं. पंचांनी तिथल्या तिथे हात जोडले. सासूबाईंचं नाव घेऊन, मोतीबाईचं माप देवाचं माप, असं गावात किती दिवस बोलत होते.

पुढे भाऊजींना आपली बाजू अरुंद वाटायला लागली. त्यांनी पुन्हा मोजू या म्हटलं आणि ह्यांचा पारा चढला. आईच्या मापावर संशय घेतोस? तुला लाज आहे का? मी तेव्हा स्वयंपाकघरात भाकरी थापत होते. सगळं ऐकलं. मग भाऊजींनी सासूबाईंच्या तोंडावर सांगितलं की तू थोरल्याला जास्त दिलंस, आणि तुम्ही नेरळला भाड्याच्या खोलीत गेलात. सासूबाई त्यानंतर दोन वर्षं जगल्या. रोज संध्याकाळी परसात जायच्या आणि पावलं टाकून मोजायच्या. मी म्हणायचे, आई, आत चला, डास चावतात. त्या म्हणायच्या, "माधवी, मी खरंच कमी दिलं का गं?" मी नाही म्हणायचे. विनिता, मी नाहीच म्हणायचे.

आता मला तुला जे सांगायचंय ते सांगते. दुसरं लुगडं नऊ वारांचं नव्हतंच, आठ वारांचं होतं. तुझी आरोही झाली तेव्हा तू माहेरी होतीस. बाळंतविड्यात मी तिला हिरवं मऊ दुपटं पाठवलं होतं. ते त्याच लुगड्याचं. पेटीतलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं बघितलं आणि पदर सोडून दुसऱ्या टोकाचा एक वार कापला. सासूबाईंना विचारलं नाही, कापलेलं टोक दुमडून हातशिलाई घातली आणि परत ठेवून दिलं. वाटणीच्या दिवशी ते कुंपणाला टेकलं तेव्हा ती शिलाई माझ्या हाताजवळच होती. मी ओळखली. सगळे हात जोडत होते आणि मी गप्प बसले. पहिल्या दिवशी भीतीने, आणि नंतर, खरं सांगायचं तर, फायदा आमचा होता म्हणून. सासूबाईंच्या मनात पाप नव्हतं. त्यांना ठाऊकच नव्हतं.

एकूण परस एक्कावन्न फूट आहे. म्हणजे प्रत्येकाला साडेपंचवीस. गजाकडून मी नवा अंदाज करून घेतला. दीड फूट कमी झालं की चार लाख साडेतेहतीस हजार होतात, साडेपंचवीस हजार वाचतात. बाथरूम जरा अडचणीचं होईल, सून जाड झाली तर बघू. ह्यांना मी बुधवारी सांगणार आहे. एक दिवस आधी सांगितलं की राग उजाडेपर्यंत निवतो, हा सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे.

पाया गुरुवारी सकाळी खणणार आहेत. एकदा भिंत उभी राहिली की ती कुणी पाडणार नाही आणि मीही पुन्हा तोंड उघडणार नाही, मी स्वतःला ओळखते. म्हणून भाऊजींना घेऊन त्याआधी ये. त्यांना हे पत्र वाचायला दे, किंवा काहीच न सांगता आण, तुला जमेल तसं कर. मी दोघा भावांसमोर, गजासमोर, लागलं तर पंचांनाही बोलावून सगळं सांगेन. भाऊजींना मला काय बोलायचं ते बोलू दे, माझी ऐकायची तयारी आहे. पण त्यांनी एकदा त्या परसात उभं राहून म्हणावं, की आईने मला कमी दिलं नव्हतं.

तुझीच थोरली,
माधवी