रिकामी खोली, दहा आकडे

सोमवार, ३
एकदाचा मुलीकडे राहायला आलो. सामान म्हणजे एक ट्रंक, एक पिशवी आणि औषधांचा डबा. डबा गाडीत मांडीवरच धरून बसलो होतो. सांडला असता तर कुठली गोळी कुठली ते देवालाही सांगता आलं नसतं. घर झकास आहे. मला खालची खोली दिली, जिन्याची कटकट नाही. खिडकीची कडी सैल होती, ती मी दोरीने आवळून टाकली. मुलगी हसून म्हणाली, बाबा, आल्या आल्या सुरू झालात. ही वही तिनेच दिली. माझं डोकं खाण्यापेक्षा वहीचं खा, म्हणाली. माझी शाळा सातवीत सुटली, पण अक्षर बरं आहे.

जावई घरं विकतात. मात्र जाहिरात घराची करत नाहीत, गल्लीची करतात. म्हणाले, बाबा, भिंती कुणीही दाखवेल, माणूस घर घेतो तो शेजार बघून. म्हणून इथल्याच लोकांना बोलतं करून व्हिडिओ काढतात आणि फोनवरून सगळीकडे सोडतात.

बुधवार, ५
मला काम मिळालं! घरं विकणारा आला म्हटलं की लोक दार लोटून घेतात. म्हाताऱ्याला मात्र बसायला खुर्ची देतात. तेव्हा पुढे जाऊन लोकांना तयार करायचं काम माझ्याकडे.

आज कोपऱ्यावरचा घड्याळवाला. पुढे दुकान, मागे एक खोली, तिथेच राहतो. माझ्या घड्याळाचा सुटलेला पट्टा त्याने बोलता बोलता बसवून दिला आणि म्हणाला, आजोबा, घड्याळ ठणठणीत आहे, मालकाचंच तेल संपत आलंय. पोट धरून हसलो. तो कॅमेऱ्यासमोर गल्लीबद्दल फार छान बोलला.

जावयांची एक पद्धत आहे. माणसाचं बोलून झालं की कॅमेरा बंद करत नाहीत. माणसाला बाहेर बोलवायचं आणि रिकामी खोली दहा आकडे मोजेपर्यंत घ्यायची. बघणाऱ्याला त्या खोलीत स्वतःला बसवून बघता आलं पाहिजे, म्हणतात. दाराबाहेरून हाक मारायचं काम माझं. या आता बाहेर, एवढंच म्हणायचं. आवाज चांगला लागला.

रविवार, ९
समोरच्या घरात गणिताच्या बाई राहतात, निवृत्त झालेल्या. दोन दिवस नाहीच म्हणत होत्या. घरभर पुस्तकं, त्यावर बोटभर धूळ, लोक काय म्हणतील. मी फार गळ घातली. शेवटी म्हणाल्या, तुमच्या शब्दाखातर हं. आज व्हिडिओ झाला. मी हाक मारल्यावर बाहेर आल्या आणि दहा आकडे जावयांबरोबर स्वतःच मोजले. सवय, म्हणाल्या.

येताना घड्याळवाल्याचं दुकान बंद दिसलं. काचेवर जावयांची पाटी, विकणे आहे. तो तर काही बोलला नव्हता. जावयांना विचारलं तर म्हणाले, कुठला घड्याळवाला, बाबा? ती जागा रिकामीच होती की.

मुलीलाही विचारलं. तिलाही माहीत नाही. माझंच डोकं फिरलं का?

मंगळवार, ११
सकाळी मागची पानं वाचली. गणिताच्या बाई, असं लिहिलंय. अक्षर माझं आहे. मला चेहरा आठवत नाही.

समोर गेलो. दार सताड उघडं. आत एक पुस्तक नाही. भिंतीवर जिथे फळ्या असतील तिथे फिकट पट्टे. दारावर पाटी.

जावयांकडून तो व्हिडिओ मागून घेतला. पहिल्यापासून शेवटपर्यंत रिकामी खोली. माणूस नाही, बोलणं नाही. फक्त माझा आवाज. या आता बाहेर. खाली लोकांनी लिहिलंय, किती शांत गल्ली, बघायला कधी येऊ.

म्हणजे मी बोलावलं त्यांना. मी.

गुरुवार, १३
जावयांना हे घर विकून मोठं घ्यायचंय. पुढचा व्हिडिओ इथलाच. मुलगी स्वयंपाकघरात उभी राहून बोलणार.

सगळं सांगितलं. वही पुढे टाकली. जावयांनी नीट वाचली, हसले नाहीत. माणूस वाईट नाही, तेही विसरलेत. मुलगी म्हणाली, बाबा, मी पाचवीत असताना बस उलटेल म्हणून माझी सहल बुडवलीत. उलटली का बस?

नाही उलटली.

शनिवार, १५
कॅमेऱ्याची बॅटरी लपवली. जावई म्हणाले, हरकत नाही, फोनवर काढू. उद्या दुपारी.

मग एकच उपाय. हाक मारायचीच नाही. मी बोलावलं नाही तर ती बाहेर येणार नाही. जीभ चावून धरीन, पण हाक नाही.

रविवार, १६
ती छान बोलली. ओट्याला टेकून, मोकळेपणी. मग जावयांनी मला खूण केली. मी गप्प. पुन्हा खूण. मी गप्प. ती आत उभीच. मला वाटलं, जिंकलो.

पण छातीत धडधड सुरू झाली. श्वास घेता येईना. भिंतीला धरून खाली बसलो. तिने ते दारातून पाहिलं आणि —

बाबा, काय होतंय, म्हणत धावत बाहेर आली. माझ्यासाठी. जावईही माझ्याकडे धावले. फोन तसाच चालू, आतल्या रिकाम्या खोलीकडे बघत. मी ओरडतोय, आत जा, आत जा. ती माझा हात धरून बसली. आणि मी मनात मोजत होतो. सात. आठ. नऊ.

सोमवार, १७
तिच्या चपला दारात नाहीत. कपाटात एकाच माणसाचे कपडे. जावयांना म्हटलं, बायको कुठे तुमची? ते लाजले. म्हणाले, आजोबा, लग्न व्हायचंय अजून.

आजोबा म्हणाले. बाबा नाही.

मग फार अदबीने विचारलं, तुम्ही कोणाकडे आलात —

मंगळवार, १८
स्वयंपाकघरात बसलोय. दार आतून लावलंय. मी इथे आहे तोवर खोली रिकामी नाही. वही पुन्हा पुन्हा वाचतो. मुलगी, असं लिहिलंय. मला मुलगी आहे. एक. लिहिलंय म्हणजे असणार —

बाहेरून ते बोलावतायत. आजोबा, या आता बाहेर. आवाज किती मायेचा. पाय हलतायत, मी हलवत नाही —

लिहून ठेवतो. निदान एवढं तरी. उंचीला माझ्या खांद्याएवढी. हसायची ते नाकातून, आधी नाकातून, मग — केस — रंगाने — मला हाक मारायची, ती म्हणायची —