तीन बोटांचा सुरा

टेंभुर्णी, ता. जाफ्राबाद
२ ऑक्टोबर १९८९

प्रिय देवाभाऊ,

शिवकन्येचा नमस्कार. वहिनीला नमस्कार, छकुलीचा पापा.

तुझं पत्र पोचलं. इकडं पाऊस बराबर झाला. ज्वारीच्या पेरणीची घाई आहे, म्हणून दारात धारेला आलेल्या वखराच्या पासांचा ढीग पडलाय. आई भाता ओढून दमती, पण बस म्हटलं तर ऐकत न्हाई. पिवळ्या गाईला कालवड झाली.

तू लिहिलं, दिवाळीला येतो, भट्टीची जागा दुकानाला भाड्यानं देऊ आणि आई-बाबांना पुण्याला नेतो. त्याचं उत्तर देते. आधी एक सुरा विकला, त्याचं सांगते.

पिंपळगाव रेणुकाईचे रामराव सुभेदार तुला आठवत असतील. एकाहत्तरच्या लढाईत उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट गेलं त्यांचं. लढाईच्या आधी बाबांनी त्यांना शिकारीचा सुरा करून दिल्ता. तो आता त्यांच्या हातातून निसटतो. आखाजीच्या सणानंतर ते आल्ते. म्हणाले, "शिकार तर बंदच झाली, पण रानडुकरं मक्यात घुसतात. रात्री मी शेतातल्या आखाड्यावर एकटा असतो. तीन बोटांत बसंल असा सुरा पाहिजे, आणि रखमाजीच्याच हातचा."

बाबा हो म्हणाले. मी ओल्या मातीच्या गोळ्यावर सुभेदारांची मूठ उमटवून घेतली.

भाऊ, तो सुरा मी केला. ट्रकच्या कमानपाट्याचं पोलाद घेतलं. पहिलं पातं तापवून पाणी देताना टिचलं. दुसरं जमलं. मूठ म्हशीच्या शिंगाची, मागून आकड्यासारखी वळवली, म्हणजे ओढलं तरी हातातून सुटणार न्हाई. बाबा पात्यावर नखानं टिचकी मारून आवाज ऐकायचे आणि सांगायचे, अजून घास, अजून घास.

बाबांना दिसत न्हाई. काचबिंदू आहे. औरंगाबादच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येत न्हाई. याला अडीच वर्षं झाली. विळे, कुऱ्हाडी, पासा, सगळं तेव्हापासून मी करते. बाबा ऐरणीजवळ बसून असतात, गिऱ्हाइकाशी बोलतात, आणि लोकांना वाटतं आपलं काम रखमाजीनंच केलं. तुला सांगायचं न्हाई अशी त्यांनी शपथ घातल्ती. पत्रात मी "बाबा म्हणतात" म्हणून जे लिहायचे, त्यातलं पुष्कळसं माझंच होतं. तू घर सोडून गेला त्याबद्दल बाबा काहीच म्हणत न्हाईत. मला बाबांची जागा कोरी ठेवून पत्र पाठवायला जमायचं न्हाई.

बाजाराच्या दिवशी सुभेदार सुरा न्यायला आले. मुठीत धरला, दोनदा फिरवला. चेहरा खुलला त्यांचा. "रखमाजी, तुझा हात काही म्हातारा झाला न्हाई."

बाबांनी नुसतं हसायचं, असं आमचं ठरलं होतं. पण ते म्हणाले, "सुभेदार, मला तो सुरा दिसतबी न्हाई. घडवला तो या शिवकन्येनं."

सुभेदारांनी सुरा ऐरणीवर ठेवला. "डुकरासमोर उभं राहायचं असतं, रखमाजी. पोरीच्या हातच्या लोखंडावर जीव कसा टाकू?" आणि निघून गेले.

दोन दिवस मी त्या सुऱ्याला हात लावला न्हाई. तीन बोटांच्या माणसासाठी केलेला सुरा दुसरं कोण घेणार? शेवटी विचारलंच, कशाला सांगितलं?

बाबा म्हणाले, "विळा मोडला तर गिऱ्हाईक शिव्या देतं. सुरा मोडला तर माणूस जातो. कोणाच्या भरवशावर उभा आहे, हे त्याला ठाऊक नको का?"

मंग मी सुरा फडक्यात गुंडाळला आणि एसटीनं पिंपळगावला गेले. सुभेदार आखाड्यावर होते. तुळजाबाई, त्यांच्या मालकीण, शेंगा निवडून राह्यल्या होत्या. मी म्हणाले, "काका, घेऊ नका. पण मोडून दाखवा."

ते आधी हसले. माझं तोंड पाहून उठले. चिंचेच्या बुंध्याच्या फटीत पातं घातलं आणि अंगाचा सगळा भार टाकला. पातं वाकलं. सोडल्याबरोबर ते सरळ झालं. मंग वाळल्या बाभळीवर वीसेक घाव घातले. धारेवरून बोट फिरवून पाहिलं. पुन्हा बुंध्याकडं वळले, तर तुळजाबाई म्हणाल्या, "आता काय झाड पाडता का? पोरीला पाणी तरी विचारा."

सुभेदार माझ्यासमोर येऊन बसले. "चुकलो," म्हणाले. एवढंच. ठरलेले पैसे दिले, सुरा कमरेला लावला. निघताना विचारलं, "लोक विचारतील, कुणाकडून केला. नाव सांगू का तुझं?"

मी म्हणाले, सांगा.

आता पिंपळगावात, भोकरदनला, सगळीकडं माहीत होईल. परक्याच्या तोंडून तुला कळण्याआधी मीच लिहून राह्यले. अडीच वर्षं फसवलं म्हणून राग येईल. येऊ दे. तो खरा आहे.

दिवाळीला जरूर ये. बाबांना पुण्याला न्यायचं असंल तर त्यांनाच विचार, मी आड येणार न्हाई. पण तू येशील तेव्हा त्यांच्याजवळ बस. त्यांना तुझा चेहरा दिसणार न्हाई, म्हणून तूच आधी बोल. ते आधी बोलणार न्हाईत, तुला ठाऊक आहे.

भट्टीची जागा मात्र भाड्यानं द्यायची न्हाई. तिथं मी काम करते.

तुझी धाकटी बहीण,
शिवकन्या रखमाजी
लोहार, टेंभुर्णी