तेरवीचं पाणी

वाशीम,
२१ मे २०२५

प्रिय दादा,

रामराम. धाकट्या ललिताचा नमस्कार. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र रुखमाकाकूच्या हाती देते आहे. वहिनी आणि मुलं बरी असतील. इथे दवाखान्यात मरणाचं ऊन आहे, पंखा नुसताच गरगरतो. काल यांच्या हातात सळई घातली. डॉक्टरला सांगितलंय की टाकीवरून पडले. गावातही सगळे तेच म्हणतात म्हणे. म्हणू देत.

पंचायतीनं यांच्या जागी तुला रोजंदारीवर घेतलं, पाणी सोडायची ती कमरेइतकी लांब लोखंडी चावी तुझ्या हातात दिली, असं काकू म्हणाली. धुतलीस का रे ती?

पडले नाहीत ते. तुला माहीत आहे, मलाही.

कामबंद कशासाठी होतं हे तुला सांगायला नको. कित्येक वर्षं पगार जिथल्या तिथे गोठलेला. दर सभेत "यंदा तुला कायम करतो" म्हणायचं आणि मग तोंडाला पानं पुसायची. म्हणून यांनी वॉल्व्ह बंद केले. गावाचा केला तसा तांड्याचाही केला, बायकोचं माहेर म्हणून सोडला नाही. मग आईच्या तेरवीच्या आदल्या संध्याकाळी तू आमच्या दारात येऊन बसलास.

"जवाईबापू, मायच्या तेरवीले पाहुने कोरड्या हातानं उठतीन काय? घंटाभर सोडा ना पानी. कोनाले कायले समजते?"

हे नाहीच म्हणत होते. तू रडलास. तेव्हा कुठे पहाटे यांनी तांड्याकडची लाईन उघडली. जिल्ह्यातल्या सगळ्या पाणीवाल्यांनी धरलेला संप यांनी तुझ्या पंगतीसाठी मोडला.

तांड्याच्या वाटेवर पाईप गळतो, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. वाटेवर चिखल झाला, त्यावरून पाणी सोडल्याचं फुटलं, आणि तहानलेलं गाव बोंबलत पंगतीत घुसलं.

"तुयाच घरी पानी कसं रे, प्रेमसिंग?" एकानं तुझी कॉलर धरली. तेवढंच. दादा, तेवढंच! तुला अजून चापटही बसली नव्हती. आणि तू ओरडलास, "म्या नाही मांगतलं! यानंच सोडलं!" यांच्याच हातातली चावी हिसकलीस आणि यांच्यावर घातलीस.

मी वरण वाढत होते. हाड मोडल्याचा आवाज मला तिथवर आला. दुसरा घाव तोंडावर बसला. यांचे दात आपल्या आईच्या तेरवीच्या पत्रावळीवर पडले. मग काय, गावाला मोकळं रानच मिळालं. लाथा, काठ्या, चपला. मी यांच्या अंगावर पडले, तर केसांना धरून मला ओढणारा हात तुझा होता. त्या हाताला मी कडकडून चावले. वण असेल अजून. तो बरा होऊ नये असंच मला वाटतं. इकडे दवाखान्यात आणताना वाटेत जीप अनसिंग गावाला पोचेपर्यंत यांच्या रक्तानं माझा पदर जड झाला होता.

उद्या पोलीस जबाब घ्यायला येणार आहेत. संघटनेची माणसं येऊन गेली. पडले असं लिहिलं, तर संप चालू असताना टाकीवर कशाला चढलास म्हणतील आणि नोकरी जाईल. संपाच्या पाण्यावरून मारलं असं लिहिलं, तर संघटना यांच्या मागे उभी राहील, पंचायतीला सहजासहजी काढता येणार नाही. आणि हे? सुजलेल्या तोंडानं एकच धरून बसलेत, "पडलोच म्हन. तुयं माहेर तुटीन, ललिता."

इतका राग येतो मला, की यांचाच धड हात मोडून ठेवावा. ज्यानं तोंड फोडलं त्याचंच नाव झाकायला निघालेत!

मी झाकणार नाही. पहिला घाव कुणी घातला, कशानं घातला, सगळं सांगणार आहे. तुझ्या वाटणीचं यांनी खूप सोसलं.

पळायचं असेल तर पळ. पण जाताना चावी रुखमाकाकूकडे ठेव, दुसऱ्या कुणाच्या हाती देऊ नकोस. हात बरा झाला की यांना लागेल.

आईच्या फोटोपुढे दिवा लावत जा.

लखीरामची बायको,
ललिता