डॉक्टर कधी येणार?

आई, बाबा,

"साहेब, मनाच्या आजाराचा डॉक्टर आपल्या तळावर नक्की कधी येणार?" आज पाहणीला आलेल्या मोठ्या साहेबांना मी भर सभेत हे विचारलं! बाबा, सीमेवरच्या चौकीवरून उतरल्यावर दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळू दे. "तुझी टाप आहे का?" म्हणून मैत्रिणींनी पैज लावली होती. आहे ना!

दरवेळी साहेब विचारतात, "कुटुंबांना काही अडचण?" आणि सगळ्या काकू एका सुरात म्हणतात, "नाही, साहेब." आई, तूही म्हणायचीस. आता तीन महिने तू पलंग सोडलेला नाहीस, तरी कल्याण केंद्राच्या फॉर्मवर आपल्या घरापुढे "सर्व ठीक" अशी खूण आहे. ती मीच केली, बाबांना तिकडे वर घोर नको म्हणून. चुकलंच माझं.

साहेब रागावले नाहीत. म्हणाले, "बाळा, खोटं कशाला सांगू? इतक्या उंचीवर यायला कुणी तयारच नाही." मग चहा आला. एकही काकू माझ्याकडे बघेना.

आई, तू झोपलीयस म्हणून उठवलं नाही. सूप थर्मासमध्ये आहे, दोन घोट तरी घे. टपालाची गाडी सुटायच्या आत शहरातल्या वसतिगृहाला पत्र टाकून येते. इथे अकरावी नाही, माहितीये मला. पण तुझ्याजवळ कुणीतरी हवं, आणि दुसरं कुणी येणार नाही. मी वसतिगृहात जात नाहीये. ओरडू नका, ठरलंय माझं.

ठमी