प्रतोदाच्या हाती चाबूक नसतो

बाई,

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी अजून तुम्हाला उत्तरं देतोच आहे. आपल्या शाळेत मराठी आणि नागरिकशास्त्र दोन्ही तुमच्याकडेच. मराठीच्या तासाला तुम्ही कविता चालीवर म्हणायच्या, मग घंटा होऊन नागरिकशास्त्र सुरू झालं तरी माझ्या डोक्यातली चाल काही थांबायची नाही. एकदा तुम्ही विचारलंत, "प्रतोद म्हणजे काय?" मी उभा राहिलो आणि सांगितलं की सभागृहात बाकांमागे एक माणूस चाबूक घेऊन उभा असतो, कोणी डुलकी काढली की तो हवेत वाजवतो. वर्ग हसतोय, खडू तुमच्या हातात तसाच राहिलाय, आणि तुम्ही अगदी हळू म्हणता, "कवितेचा तास संपला. खाली उतर." मी पायांकडे बघितलं. मी जमिनीवरच होतो. मग तुम्ही समजावलंत की प्रतोद म्हणजे आपल्या पक्षाची डोकी मोजणारा आणि ती एकत्र ठेवणारा माणूस. तेवढं मात्र पक्कं बसलं.

आता मी सिंगापूरला लेकीकडे असतो, क्लेमेंटीत, अकराव्या मजल्यावर. नात पंधरा वर्षांची. तिचं माझ्याशी बोलणं "ओके आबा" आणि इथल्या पद्धतीचा होकार, "कॅन आबा", एवढ्यात उरकायचं. तिला शाळेत बोलायचं होतं, अमेरिकेच्या सरकारात राजकीय पक्ष कसे काम करतात यावर. एका दुपारी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "आबा, पार्टी व्हिप काय असतो?" बाई, या प्रश्नाची मी साठ वर्षं वाट बघत होतो. मी घसा साफ केला आणि सांगितलं, प्रतोद आदेश काढतो, आणि तो आदेश मोडून जो मत देईल त्याची खुर्ची जाते. तिने ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. गुरुवारी दारात बूट काढता काढताच म्हणाली, "आबा, तू मला राँग कंट्री दिला."

"म्हणजे?"

"हा इंडियाचा रूल आहे. अमेरिकेत खुर्ची जात नाही. टीचर म्हणाली, असं झालं तर हाफ काँग्रेस एम्प्टी होईल, लाह." काँग्रेस म्हणजे तिथली संसद, आणि "लाह" हे इथल्या बोलण्याचं शेपूट.

सोमवारी तिला पुन्हा बोलायचं होतं. तिच्या मार्कांची मला फार काळजी नव्हती. तिने आजवर मला एकच गोष्ट विचारली होती आणि ती मी चुकीची सांगितली. आता ती पुन्हा विचारणार नाही, ही भीती होती. म्हणून शुक्रवारी मी न बोलावता तिच्याबरोबर लायब्ररीत गेलो. ती पुस्तकातलं कुजबुजत सांगत होती, मला निम्मंच ऐकू येत होतं, पण मी मान डोलावत होतो. जे कळलं ते असं. त्यांच्या संविधानात पक्षांचं नावसुद्धा नाही, आणि पक्षांवाचून तिथलं पान हलत नाही. ज्याचं बहुमत त्याच्या हातात सगळ्या समित्यांची अध्यक्षपदं. कुठला विषय चर्चेला घ्यायचा तेही बहुतेक त्यानेच ठरवायचं. हे मला लगेच समजलं, कारण आमच्या घरी लेकीचं बहुमत आहे. फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही या सर्व समित्या तिच्याकडे, आणि रात्रीच्या जेवणात काय येणार हेही तिच्याकडे. जावई म्हणजे विरोधी पक्षाचा राष्ट्राध्यक्ष. दुधीवर सही करायला नकार देतात आणि खाली हॉकर सेंटरला नूडल्स खायला जातात. पण प्रतोदाला तिथे खुर्ची काढून घेता येत नाही, कारण ती ज्याची त्याला त्याच्या मतदारांनी दिलेली. उमेदवारीसुद्धा बहुधा वरून मिळत नाही, पक्षाचे गावातले मतदार आधी आपसांत मतदान करून ठरवतात. मग प्रतोद करतो काय? डोकी मोजतो, आणि एकेकाला गाठून विचारतो, बाबा रे, तुला काय हवंय?

रविवारी तिने तालीम घेतली. ती प्रतोद, मी सदस्य. ठराव तिनेच मांडला: आबांनी कानाला मशीन लावावं. दोन वर्षं घरात या विषयावर माझा ठाम नकार होता.

"तू यस म्हण."

"नाही म्हणणार."

"पार्टीतून काढीन."

"काढ. खुर्ची माझीच राहते. परवाच शिकलो."

तिने पेन चावलं. "ओके. तुझ्या एरियातल्या लोकांना काय पाहिजे?"

"माझ्या एरियात मी एकटाच राहतो."

"मग तुला काय पाहिजे?"

बाई, असं मला बऱ्याच दिवसांत कोणी विचारलं नव्हतं. म्हटलं, "जेवताना मराठी बोलायचं. रोज. आणि आठवड्याला एक कविता, तू वाचायची, मी ऐकणार."

"टू मच, आबा."

"मग मत नाही."

तिने आईकडे बघितलं. लेक आमच्याकडे पाठ करून वरण ढवळत होती आणि तिचे खांदे हलत होते.

"लाँग कविता नाही हं."

"चार कडवी."

"तीन."

"मंजूर."

सोमवारी शाळेत तिने ही सगळी बोलणीच सांगितली म्हणे, आणि टीचर हसल्या. मशीन कानात आहे. काल जेवताना ती म्हणाली, "आबा, भाजी वाढू? तो मस्त झालाय." मी वाढून घेतली. तुम्ही आधी लिंग दुरुस्त केलं असतं.

आता तुम्हाला न विचारता केलेली गोष्ट सांगतो. तालमीच्या आदल्या दिवशी, शनिवारीच, मी लेकीबरोबर क्लिनिकला जाऊन कान तपासून, होकार देऊन आलो होतो. लायब्ररीतलं ते ऐकू न आलेलं निम्मं मला हवं होतं. लेकीला बजावलं, अवाक्षर काढू नकोस. म्हणजे रविवारचा माझा विरोध पूर्ण खोटा होता, आणि प्रतोदाकडून मी जे मिळवलं ते फसवून मिळवलं. तुम्ही मला वर्गाबाहेर उभं केलं असतंत, आणि मी उभा राहिलो असतो, पण कविता परत केल्या नसत्या.

तुम्हाला हे पाठवायचा प्रश्नच नाही. अडचण वेगळीच आहे. ती हल्ली देवनागरी दिसली की वाचते, लोणच्याची बरणीसुद्धा सोडत नाही. म्हणून हे कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर ठेवतोय, जरी तिचा हात तिथे माझ्याआधी पोचतो.