चार सिलिंडरचा राजा

शनिवार, ५ मे १९७९. सकाळ.

पेट्रोलच्या रांगेत दीड तास. पुढचा गाडीत बसून डोनट खात होता, रांग सरकली तरी त्याला पत्ता नाही. हॉर्न दिला. त्याने मधलं बोट दाखवलं. मीही दाखवलं. असल्या लोकांमुळेच देशाचं वाटोळं होतंय.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

मर्ल येऊन गेला. मर्ल म्हणजे नादीनचा भाऊ. मेहुणा नशिबी आला तो आला, वर दोन घरं सोडून राहायलाही आला. त्याने स्वतः बांधलेल्या पिवळ्या हॉट रॉडमध्ये, म्हणजे वेगासाठी नव्याने बांधलेल्या जुन्या गाडीत, चार सिलिंडरचं इंजिन बसवलंय. हॉट रॉडमध्ये चार सिलिंडर! घोड्याच्या खोगिराखाली बकरी. परवा पार वाळवंटातल्या बारस्टोला जाऊन आला म्हणे, वाटेत पेट्रोल न भरता. हे त्याने मला दोनदा सांगितलं. मी दोनदा ऐकलं नाही.

कॉलीनचा फोन. २३ जूनला तिचं लग्न, डोंगरावरच्या तळ्याकाठच्या चॅपलमध्ये. ती नऊ वर्षांची असताना माझ्या गॅरेजमध्ये उलट्या बादलीवर बसून विचारायची, डॅड, माझ्या लग्नाला मला याच गाडीतून नेणार ना? मी शब्द दिला होता. गाडी म्हणजे माझी बत्तीस सालची फोर्ड कूपे. चौदा वर्षं बांधतोय, जवळजवळ झालीच आहे. आज कॉलीन म्हणाली, डॅड, गाडी होईल ना? नाहीतर मर्ल मामा तयार आहे.

'नाहीतर.' पोटच्या पोरीने हा शब्द वापरला.

निश्चय: गाडी होणार. मोठ्या, आठ सिलिंडरच्या व्ही-एट इंजिनावर होणार. मर्ल जळणार.

बुधवार, ९ मे.

पेट्रोलच्या टंचाईमुळे सरकारचा नवा नियम. नंबरप्लेटवरचा आकडा विषम असेल तर विषम तारखेला पेट्रोल, सम असेल तर समला. माझ्या प्लेटवर एकच आकडा आहे: 'व्ही ८ किंग'. जादा फी भरून मुद्दाम मागवलेली प्लेट, आमच्या सगळ्या हॉट रॉड क्लबात अशी कोणाकडे नाही. आठ, म्हणजे सम तारखा माझ्या.

नादीनने कॅलेंडरवर बोट ठेवून दाखवलं की २३ विषम आहे. म्हणालो, आदल्या दिवशी भरीन. नवऱ्याला डोकं आहे हे तिच्या अजून ध्यानात येत नाही.

रविवार, १३ मे.

होणारा जावई आला. कर्टिस. लॉनवरचे फवारे विकतो. आवाजही फवाऱ्यासारखाच, मऊ आणि न थांबणारा. पिकअपच्या मागे काहीतरी झाकून आणलं होतं. बघतो तर अपघातात चेपलेल्या जपानी गाडीचं चार सिलिंडरचं इंजिन. मला भेट!

म्हणाला, मिस्टर हॅस्किन, तुमचं व्ही-एट गॅलनला नऊ मैल देतं, हे तीस देईल, शिवाय डोंगर चढायचा आहे. मी म्हणालो, ज्याने त्याने आपल्या गवतापुरतं बोलावं. तर हसला. या पोराचा धड अपमानही करता येत नाही.

इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात ढकलून दिलं. त्यावर बूट ठेवायला बरं पडेल.

बुधवार, १६ मे.

सम तारीख. रांगेत उभं राहून कॅनमध्ये आणलेलं सगळं पेट्रोल व्ही-एट ट्यून करण्यातच संपलं. गाडी गॅरेजमधून बाहेरही आली नाही. याला मी जबाबदार नाही, अरब जबाबदार आहेत.

विचारांती निर्णय: लहान इंजिन. हा निर्णय सर्वस्वी माझा. खरं तर बरीच वर्षं माझं हेच मत होतं, मी फक्त बोललो नव्हतो.

गुरुवार, १७ मे.

क्लबच्या बैठकीत वीस मिनिटं भाषण. विषय: शहाण्या माणसाने लहान इंजिन का निवडावं. लोक खुर्च्या सरकवत होते, म्हणजे अस्वस्थ झाले होते. विचार करायला लावलं की माणूस अस्वस्थ होतो. मर्ल मागून ओरडला, अरे डेल, हे मी दोन वर्षं बोंबलून सांगतोय. मी म्हणालो, तू बोंबलत होतास, मी विचार करत होतो.

टाळ्या त्याला का पडल्या कळलं नाही.

रविवार, २० मे.

व्ही-एट उतरवलं. त्यावर चादर घातली. नादीन म्हणाली, पाहुण्यांसाठी ठेवलेली चादर कशाला घेतलीस? या बाईला मन नाही.

नवं इंजिन बसवताना कर्टिसने हातभार लावला. सगळी भोकं पहिल्या फटक्यात जुळली. मीच सांगितलं होतं त्याला, नीट जुळव म्हणून.

रविवार, २७ मे.

पहिल्या चावीला इंजिन चालू झालं. हाही अपमानच. माझं व्ही-एट कधीही पहिल्या चावीला चालू झालं नाही, त्याला स्वाभिमान होता.

आवाज नादीनच्या शिवणाच्या मशीनसारखा. नादीन दारात येऊन म्हणाली, अगंबाई, किती शांत! शेजारचा कुत्रा उठलासुद्धा नाही. चौदा वर्षं तो माझ्या इंजिनावर भुंकत आलाय, म्हणजे तो नाही तर त्याचा बाप. आज त्याने कूस बदलली.

माझी मुलगी चर्चला शिवणाच्या मशीनवर बसून जाणार नाही. इलाज करतो.

शनिवार, २ जून.

इलाज केला. व्ही-एटचे दोन मोठे कार्बोरेटर या इंजिनावर चढवले. ते बसावेत म्हणून मधली जोडपट्टी स्वतः कापून, घासून बनवली, बोट सोलवटलं. काय तो आवाज! कुत्रा तासभर भुंकला. डोळ्यांत पाणी आलं.

कर्टिस चाचरत म्हणाला, मिस्टर हॅस्किन, एवढ्याशा इंजिनात दोन्हीकडून पेट्रोल ओतलं तर मग लहान इंजिन कशाला? मी म्हणालो, तू अजून घरचा झालेला नाहीस.

मर्लनेही नाक खुपसलंच. मागच्या चाकांचे गियर शर्यतीचे आहेत म्हणे, इंजिन उगाच गरगरत पेट्रोल पीत राहील, माझ्या शेडमध्ये साधे पडलेत, फुकट घेऊन जा. मर्लच्या शेडमधला स्क्रूदेखील माझ्या गाडीला लागणार नाही.

शनिवार, ९ जून.

आज डोकं विलक्षण चाललं. लहान इंजिनाला मोठी टाकी कशाला? मागची जुनी, गंजकी टाकी काढून फेकली आणि पुढे, रेडिएटरसमोर, पिंपाच्या आकाराची चकचकीत अॅल्युमिनियमची टाकी लावली. जुन्या शर्यतीच्या गाड्यांना असायची तशी. साडेतीन गॅलन मावतं. गॅलनला तीस मैल धरले तर शंभराच्या वर जातं. चॅपल चोवीस मैलांवर. दोनदा जाऊन आलो तरी उरेल. गुणाकार दोनदा केला.

पेट्रोल किती उरलं ते दाखवणारा काटा या टाकीला नाही. रंग ढवळायची काठी आत बुडवून बघायचं. काटे मर्लसारख्यांना लागतात.

रविवार, १७ जून. फादर्स डे.

कॉलीन आली. भेट म्हणून पांढरी रिबन आणली, लग्नाच्या दिवशी गाडीला बांधायला. पुढच्या टाकीकडे बघून म्हणाली, डॅड, ही शोभेची का? तिला काय कळतंय. पण रिबन तिने तिथेच बांधून बघितली आणि शोभली.

तिला डोनटच्या दुकानापर्यंत फिरवून आणली. तिचे गुडघे पुढे आपटत होते. लहानपणी आपटत नव्हते. कोपऱ्यावर वळताना माझा दंड घट्ट धरून ओरडली, डॅड, खरंच चालते की रे ही! मला खूप आनंद झाला. हे लिहून ठेवतो, कारण या घरात माझ्याशिवाय कोणी लिहून ठेवणार नाही.

परत आलो तर मर्ल फाटकात. विचारतो, गॅलनला किती देते? म्हणालो, तीस. म्हणाला, मोजलंस? म्हणालो, मला जाणवतं.

शुक्रवार, २२ जून.

सम तारीख. पहाटेच रांगेत लागलो, टाकी काठोकाठ भरली. ठरवल्याप्रमाणे सगळं.

संध्याकाळी क्लबची मंडळी आली. आवाज ऐकव म्हणाले. ऐकवला. मग एकेकाला गल्लीला चक्कर मारून आणलं. मग कोणीतरी म्हणालं, चार सिलिंडरवर जागच्या जागी चाकं गरगरवून टायर जाळून दाखव. आता असं म्हटल्यावर माणूस काय करणार? टायर जाळले. नादीनने खिडकी धाडकन लावली.

काठी बुडवली. अर्धी ओली निघाली. पण गोल टाकीत अर्धं दिसतं ते अर्ध्यापेक्षा जास्त असतं, हे विज्ञान आहे.

मर्ल म्हणाला, डेल, माझ्याकडचं कॅनभर ओत, पोरीचं लग्न आहे, हट्ट करू नकोस. मी म्हणालो, तुझ्या पेट्रोलवर माझी मुलगी लग्नाला जाणार नाही, कॅन घेऊन माझ्या अंगणात पाय ठेवलास तर याद राख. सगळ्यांसमोर म्हणालो. बरं वाटलं.

शनिवार, २३ जून. सकाळी.

सहज, खबरदारी म्हणून पंपावर गेलो. हमरस्त्यावर एकच पंप उघडा. पंपावरच्या बाईने माझ्या प्लेटवर टिचकी मारली. आठ, सम. आज तेवीस, विषम. पुढे चला.

तिला समजावून सांगितलं की प्लेट जुनी आहे, आत आता चारच सिलिंडर आहेत. ती म्हणाली, चारसुद्धा समच की हो.

मॅनेजरला बोलवा म्हणालो. मीच मॅनेजर म्हणाली. मागून हॉर्न. कोणीतरी बोट दाखवलं. मी दाखवलं नाही, मुलीचं लग्न आहे.

सव्वाअकरा. डोंगरातला रस्ता.

हे गाडीतूनच लिहितोय. गाडी थांबली आहे.

निघालो ते दिमाखात. कॉलीन शेजारी, पांढराशुभ्र झगा, पायाशी मावेना म्हणून अर्धा माझ्या गियरवर. लोक फुटपाथवर थांबून बघत होते. ती हसत होती. चढ लागला, दोन्ही कार्बोरेटर गात होते. मग एका वळणावर एक खोकला, दोन खोकले आणि गप्प.

काठी बुडवली. कोरडी.

हा नक्कीच इंजिनाचा दोष आहे. सहा मैल उरलेत. लग्न बाराला.

साडेअकरा.

मर्ल आला. म्हणजे आलाच होता, सबंध रस्ता एक वळण मागे राहून येत होता. मुद्दाम. कॅन नव्हता. म्हणाला, तूच काल याद राख म्हणालास. त्याच्या टाकीतून काढायला नळी हवी, आणि नळी माझ्या गॅरेजात.

तो म्हणाला, कॉलीन, तू पुढे बस पोरी, आणि डेल, तू मागे डिकीतल्या उघड्या सीटवर बस. डोक्याला वारा लागेल तेवढाच, सहा मैलांचा तर प्रश्न आहे.

मी शिवणाच्या मशीनच्या डिकीत बसून माझ्या मुलीच्या लग्नाला जाऊ? वर चॅपलपाशी क्लबची सगळी मंडळी उभी असताना?

कॉलीन म्हणाली, डॅड, चल ना. मी कार्बोरेटरमध्ये बघत होतो. ती पुन्हा म्हणाली, डॅड, चल ना रे. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढे, एवढं बघून आलोच मी. आत बघण्यासारखं काही नव्हतं. मला वाटलं, ती तिसऱ्यांदा म्हणेल.

गाडी निघाल्याचा आवाज आला. फार बारीक आवाज आहे त्या इंजिनाचा.

सव्वाबारा.

येणारे-जाणारे रिबन बघून हॉर्न देतात, हात करतात, अभिनंदन म्हणून ओरडतात. मी हात करतो. काय करणार?

दोन वाजून गेले.

कर्टिस आला. लग्नाच्या सुटात, हातात कॅन. स्वतःच्या गाडीतून तोंडाने ओढून काढलंय, कोटाला पेट्रोलचा वास. टाकी भरली, रिबनवर सांडू नये म्हणून ती एका हाताने वर धरली. मग म्हणाला, डॅड, चला, केक कापायचा थांबवलाय.

मी म्हणालो, तू दिलेलं इंजिनच सदोष होतं. तो म्हणाला, असेल, डॅड.

मंगळवार, २६ जून.

नादीन तीन दिवस मोजकंच बोलते. माझ्या जागी कॉलीनचा हात धरून मर्लने तिला आत नेलं, एवढं सांगितलं. पाऊल चुकत होतं म्हणे त्याचं. मला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल. बरं वाटलं नाही.

नवा निश्चय: व्ही-एट परत बसवायचं. चूक तिथेच झाली. इतरांचं ऐकलं.

रात्री कॉलीनचा फोन, समुद्रकाठच्या हॉटेलातून. तिला काय म्हणायचं ते दिवसभर जुळवून ठेवलं होतं. पण आधी तिनेच विचारलं, डॅड, गाडी नीट घरी आली ना? मी म्हणालो, आली. आणि मोजून बघितलं, गॅलनला नऊ मैल देते. ती म्हणाली, जुनं इंजिनही नऊच द्यायचं ना रे?

म्हणालो, हो. फोन नाण्यांचा होता, जुळवलेलं म्हणायच्या आत कटला.

गॅरेजमध्ये जाऊन रिबन सोडायला बसलो. गाठ कॉलीनची आहे, लहानपणी मीच शिकवलेली. सुटेना. कात्री होती हाताशी. कापली नाही.